तेरेरे म्हणजे पाणीच

१२ मार्च २०१९, मंगळवार. पासष्ट हजार ग्वारानी.

एवढे पैसे लॅबोरेटरीच्या खिडकीत मोजून देऊन फेलिसा ओर्तेयादो बाहेर आली, तेव्हा तिच्या हातात घडी घातलेला एक कागद होता. पाराग्वारीच्या बसस्थानकासमोर, भर उन्हात, तिने तो उघडला. एकूण कोलेस्टेरॉल तीनशे अठरा. शेजारी असायला हवा तो आकडा छापलेला होता, दोनशेच्या आत. तिने कागदाची पुन्हा घडी केली, अ‍ॅप्रनच्या खिशात घातली आणि समोरच्या आपल्या टपरीकडे न जाता बाकावर बसून राहिली.

फेलिसाला त्या वर्षी चौपन्नावे लागले होते. तिचा बाप एक्कावन्नाव्या वर्षी बैलगाडीवर बसल्या बसल्या गेला होता. थोरली बहीण एल्वा चौपन्नाव्या वर्षी गेली, तीही टपरीतच, हातात बत्ता असताना. समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला आधी वाटले, बाई हसून हसून खाली वाकली आहे. त्या गिऱ्हाइकाचा थर्मास त्या दिवशी तसाच भरायचा राहिला. फेलिसा बाजूला मुळ्या धूत होती. तिने बहिणीचे डोके मांडीवर घेतले, तेव्हा एल्वाच्या बोटांना पुदिन्याचा वास येत होता. फेलिसाची बोटेही रोज पुदिना कुटत, पण त्या दिवसापासून तो वास आला की तिला एल्वाच आठवे.

दोघी बहिणींचा धंदा झाडपाल्याचा. आईकडून आलेला. सकाळी सहाच्या आधी ओल्या पोत्याखाली जुड्या मांडायच्या. येणारा माणूस आपले दुखणे सांगतो आणि बर्फाच्या पाण्याचा थर्मास पुढे करतो. मग त्या दुखण्याला लागू पडणारी दोन-तीन पाने लाकडी खलात कुटून थर्मासात सोडायची. माणूस ते गार पाणी येर्बाच्या, म्हणजे तिकडच्या चहासारख्या वाळक्या पानांच्या, पेल्यात ओतत आपले तेरेरे पितो, दिवसभर, चारचौघांत एकच पेला फिरवत. पाराग्वारीत तेरेरे न पिणारा माणूस सापडायचा नाही. पोट बिघडले, झोप लागत नाही, मूतखडा, कशालाही पाला होता. पण ओर्तेयादो बहिणींचे नाव होते ते एका गोष्टीसाठी, रक्तातल्या चरबीसाठी. त्यासाठी लोक लांबच्या एन्कार्नासियोनच्या बसमधून उतरून येत.

आणि त्याच बहिणींपैकी एक रक्तातल्या चरबीने टपरीत पडली. लोक तोंडावर बोलले नाहीत. फेलिसाने सगळ्यांना सांगितले की एल्वाला धसका बसला होता, मुलगा ब्वेनोस आयरेसला निघून गेल्याचा. स्वतःलाही तेच सांगितले. रक्त मात्र तपासून घेतले नाही. शेवटी तिची मुलगी सुनिल्दा, जी स्थानकावर टोपलीतून चिपा, म्हणजे चीज घालून भाजलेले छोटे पाव, विकायची, एक दिवस टोपली खाली ठेवून म्हणाली, "आई, मावशी ज्या वयात गेली, त्या वयाची झालीस तू. आता तुला नेल्याशिवाय मी सोडायची नाही."

कागद घेऊन दोघी आरोग्य केंद्रात गेल्या. डॉक्टर तरुण होता, राजधानीचा, आसुन्सियोनचा, नुकताच बदलून आलेला.

"वडील कशाने गेले?"

"अचानक."

"आणखी कोणी?"

"बहीण. तीही अचानक."

डॉक्टरने पेन खाली ठेवले. "सेन्योरा, हे तुमच्या घराण्यातच आहे. खाणं तर बदलायचंच. डुकराची चरबी बंद, कातडीचे तळलेले तुकडे बंद, आतडी-काळीज बंद, चीज अगदी थोडं. पण नुसत्या खाण्यानं हा आकडा खाली यायचा नाही. रोज रात्री एक गोळी घ्यायची."

"किती दिवस?"

"आयुष्यभर."

फेलिसाने मुलीकडे पाहिले. आयुष्यभर हा शब्द तिने आजवर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला होता, आणि ऐकून मनात म्हटले होते, आला बिचारा गोळ्यांच्या तावडीत.

"दुसरं काही औषध घेता? काढे? कसले रस?"

"नाही," फेलिसा म्हणाली. ती खोटे बोलत नव्हती. एल्वा गेल्यापासून टपरीवरचा चरबीचा पाला तिने स्वतः तोंडात घातला नव्हता. राहता राहिले तेरेरे. पण तेरेरे काय कोणी औषधात धरते? तेरेरे म्हणजे पाणीच.

"काम काय करता?"

"भाजीपाला विकते," फेलिसा म्हणाली. सुनिल्दाने तिच्याकडे पाहिले आणि छताकडे नजर वळवली.

गोळ्या तिने येर्बाच्या रिकाम्या डब्यात लपवल्या. बाजारात हे कळले असते तर उद्यापासून टपरीवर माशीही फिरकली नसती. रक्तातल्या चरबीचा पाला विकणारी बाई स्वतः दवाखान्याची गोळी खाते! पण लोकांची भीती एका बाजूला आणि गोळीची दुसऱ्या. पहिल्या रात्री गोळी जिभेवर ठेवून ती कितीतरी वेळ पाण्याचा पेला हातात धरून बसली. गिळली नाही तर एल्वासारखे होईल. गिळली तर काय होईल ते कोणालाच ठाऊक नाही. शेवटी गोळी विरघळून तोंड कडू झाले, तेव्हा तिने ती गिळली.

खाण्याचे बघणे सुनिल्दाने आपल्याकडे घेतले. चरबीचा डबा तिने शेजारणीला देऊन टाकला. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात, गुरुवारच्या मोठ्या जेवणाआधी, घराघरांत चिपा भाजतात. फेलिसाच्या घरीही भट्टी पेटली, पण पिठात चरबीऐवजी तेल, आणि चीज नावापुरते. शेजारचे म्हातारे कासियानो, ज्यांना सगळे मानाने काराई म्हणत, पूर्वी ट्रक चालवायचे; ते दरवर्षीप्रमाणे पहिला चिपा खायला येऊन बसले. त्यांनी एक घास घेतला, थांबले, आणि चिपा टेबलावर आपटून त्याचा आवाज ऐकला.

"फेलिसा, हा चिपा आहे की चाकाखाली लावायचा दगड?"

"खायचा असेल तर खा, नाहीतर ठेवा तिथंच."

"ठेवतो. उद्या ट्रक चढावर उभा केला तर उपयोगी पडेल." मग ते हळूच म्हणाले, "तुलाही सांगितलं काय? चरबीचं?"

फेलिसाने पीठ मळणे थांबवले नाही.

"अगं, मलाही तीच गोळी आहे. गेल्या वर्षापासून. कोणाला सांगू नकोस, लोक म्हणतील, एवढी वर्षं फेलिसाच्या टपरीवर पाला घेतो आणि तरी."

फेलिसाला हसू आले आणि रडूही. तिने डब्याची गोष्ट त्यांना सांगितली. आपल्याबरोबर आणखी एक माणूस या वाटेवर आहे, एवढ्यानेही तिला थोडे बरे वाटले.

जूनमध्ये पुन्हा रक्त तपासले. दोनशे एकवीस. डॉक्टर खूश झाला. सुनिल्दाने आईला मिठी मारली. फेलिसाचा आनंद मात्र घरी पोहोचेपर्यंतच टिकला. दोनशे एकवीस म्हणजे दोनशेच्या आत नव्हे. अजून वर्ष संपायचे होते. संध्याकाळी डावा खांदा जरा दुखला तरी ती हातातले काम टाकून बसे. सकाळी बत्ता उचलताना हात क्षणभर हवेत थांबे. बहिणीचा हात कुठे थांबला असेल, हे आठवून.

तिकडे जून-जुलै म्हणजे थंडीचे दिवस, आणि अंगणातले पोमेलोचे झाड फळांनी वाकले होते. पोमेलो म्हणजे आपल्या पपनसाच्याच कुळातले, आत लालसर, चवीला कडसर. तिच्या आईचे म्हणणे असे की पोमेलोने रक्त धुऊन निघते. फेलिसाने विचार केला, गोळीने अर्धे काम केलेच आहे, आता आपण उरलेले करू. पाण्याच्या जागी तिने थर्मासात पोमेलोचाच रस भरायला सुरुवात केली, त्यात त्याचीच दोन कोवळी पाने कुटून. रोज दोन लिटर. सकाळी टपरी लावल्यापासून दुपारी आवरेपर्यंत तिचा पेला चालू असे. रात्री गोळी. तिला वाटे, दोन बाजूंनी वेढा घातला आहे, आता चरबी जाईल कुठे?

काराई कासियानोंनाही तिने तोच रस दिला. "गोळी घ्याच, पण त्याला हे जोडीला," ती म्हणाली. आणि बसमधून उतरणारे जे कोणी रक्तातल्या चरबीचे विचारत, त्यांच्या थर्मासातही पोमेलो पिळला. ते लोक थर्मास काखेत मारून आपापल्या बसमध्ये बसले आणि गेले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्या मांड्या दुखायला लागल्या. आधी वाटले, थंडी. मग खांदे. मग एक दिवस सकाळी बत्ता उचलेना. दोन्ही हातांनी धरला तरी उचलेना. समोर गिऱ्हाईक उभे होते, तिला मानाने 'न्या', म्हणजे बाई, म्हणणारे.

"काय झालं, न्या फेलिसा?"

"काही नाही. रात्री अंग अवघडलं."

त्या दिवशी घरी जाऊन ती मोरीत गेली आणि खाली पाहून जागीच उभी राहिली. लघवी काळपट तपकिरी होती, जळक्या साखरेत उकळलेल्या येर्बासारखी. तिने सुनिल्दाला हाक मारली. सुनिल्दा आली, तिने पाहिले, आणि चादर, ओळखपत्र आणि पैशांची पिशवी गोळा केली.

"ती गोळीच आहे," फेलिसा म्हणत होती. "मी तुला सांगत होते. विष आहे ते. एल्वा एका क्षणात गेली, मी अशी सडून जाणार."

"गप बस आई. चपला घाल."

"घालता येत नाहीत गं. पाय वाकत नाहीत."

सुनिल्दाने खाली बसून तिच्या पायांत चपला घातल्या.

रुग्णालयात रक्त घेतले, सलाईन लावले. पाळीवर तोच तरुण डॉक्टर होता. डॉक्टर म्हणाला, स्नायू फुटून त्यांचा कचरा रक्तात उतरतो आहे, आणि तो कचरा मूत्रपिंडाला झेपला नाही तर मामला कठीण. गोळी लगेच बंद. त्याने पुन्हा तेच विचारले, दुसरे औषध? काढा? रस? आणि फेलिसाने पुन्हा तेच सांगितले, काही नाही. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून बाहेर गेला.

सलाईनची बाटली बदलायला मिर्ता नावाची नर्स आली. याग्वारोनची, म्हणजे जवळचीच. तिने फेलिसाच्या बोटांकडे पाहिले. हिरवट काळी, चिरा पडलेली.

"न्या, तुम्ही स्थानकासमोर पाला कुटता ना? माझी आई तुमच्याकडून नेते."

फेलिसाने मान फिरवली.

"तेरेरे पिता ना?"

"ते कोण पीत नाही?"

"तेरेरेत काय घालता?"

"काय घालणार? पाणीच." मग थोडे थांबून, "सध्या पाण्याऐवजी पोमेलो. पोमेलोचे दिवस आहेत."

"किती?"

"थर्मासभर. दोन लिटर."

मिर्ताच्या हातातली बाटली स्टँडला लावायची राहिली. "अहो न्या, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?"

"त्यांनी औषधाचं विचारलं. तेरेरेचं कुठं विचारलं?"

मिर्ता बाहेर धावली. डॉक्टर आला आणि पलंगाच्या कडेला बसला. यावेळी तो सावकाश बोलला. गोळी पोटात गेली की शरीर ती हळूहळू तोडून टाकते. पोमेलो ते तोडायचे कामच थांबवतो. रोज एक गोळी घेतली, तरी रक्तात चार-पाच गोळ्यांइतकी साठत गेली. गोळीचा दोष नाही, पोमेलोचाही नाही. दोघांची गाठ पडायला नको होती.

फेलिसा ऐकत होती. ऐकता ऐकता ती एकदम उठून बसायला गेली आणि सलाईनची सुई हलली.

"काराई कासियानो!"

"कोण?" डॉक्टर म्हणाला.

"त्यांनाही तीच गोळी आहे. त्यांनाही मीच पाजला. सुनिल्दा, फोन लाव."

सुनिल्दाने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. फेलिसाच्या डोळ्यांसमोर म्हाताऱ्याचे अंगण आले, उलटी पडलेली खुर्ची आली, उघडे दार आले. "तू जा," ती म्हणाली, "मला इथं काही होत नाही, तू आधी जा." सुनिल्दा गेली. तिला परत यायला दीड तास लागला. त्या दीड तासात फेलिसाने देवळातल्या सगळ्या संतांना नावे घेऊन हाका मारल्या, आणि मधूनमधून स्वतःच्या आईलाही, जिने पोमेलोने रक्त धुतले जाते असे सांगितले होते.

दारात आधी काराई कासियानोंचा आवाज आला.

"चालत येतो म्हटलं, तर खुर्चीवरून काय? मी काय बिशप आहे?" ते चाकांच्या खुर्चीत होते, पायांवर घोंगडी. फोन घरात कुठेतरी चार्जरला लावलेला होता आणि ते अंगणात गरम पाण्यात पाय सोडून बसले होते. मांड्या आठवडाभर दुखत होत्या. ट्रकच्या क्लचचा जुना हिशेब असेल, असे समजून त्यांनी कोणाला सांगितले नव्हते.

"काय गं फेलिसा," पलंगाजवळ येऊन ते म्हणाले, "एवढ्या वर्षांची शेजारीण. मारायचंच होतं तर निदान चरबीचा चिपा तरी घालून मारायचं."

तिने त्यांचा हात धरला आणि सोडला नाही.

म्हाताऱ्याचे रक्त तिच्याइतके बिघडलेले नव्हते. त्यांना रस बंद करून, गोळी थोडे दिवस थांबवून घरी पाठवले. फेलिसाला मात्र पाच दिवस ठेवले. लघवीचा रंग उतरत गेला. मूत्रपिंडे वाचली.

पण बसमधून आलेले लोक? ते कोण होते? कोणाला गोळी चालू होती, कोणाला नव्हती? तिने कधी विचारलेच नव्हते, आणि ते आपण होऊन सांगणार नव्हते, जसे तिने डॉक्टरला सांगितले नव्हते. तिने आठवून पाहिले. एक उंच बाई, निळ्या थर्मासची. एक शिक्षकासारखा दिसणारा, चष्मा दोरीला बांधलेला. दोन भाऊ, एन्कार्नासियोनच्या बसमधले. चेहरे आठवत होते, पण त्यांच्यापर्यंत पोहोचायला हातात काहीच नव्हते. घरी आल्यावर पहिल्या दिवशी, पाय अजून थरथरत असतानाच, ती स्थानकावर गेली आणि बस लागली की दारात उभी राहून ड्रायव्हरांना सांगू लागली, "तुझ्या गाडीतून कोणी माझ्याकडून चरबीसाठी पोमेलो नेला असेल, तर सांग, गोळी चालू असेल तर तो ओतून टाका." ड्रायव्हर मान हलवत. एकाने विचारले, "म्हणजे तुमचा पाला आता विषारी झाला का, न्या?" बाजूचे दोघे हसले. तिने त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगितले.

उंच बाई ऑगस्टमध्ये आली. ठणठणीत होती. ती गोळी घेतच नव्हती. चष्म्याचा शिक्षक पुन्हा आला नाही. दोघे भाऊही नाहीत. न येण्याची हजार कारणे असतात, हे फेलिसाला कळत होते. पण बस लागली की ती अजूनही मान वर करून उतरणारे चेहरे बघते.

टपरीवर आता ती थर्मास हातात घेण्याआधी विचारते, "दवाखान्याची कुठली गोळी चालू आहे?" काहींना राग येतो. एक म्हातारी म्हणाली, "गोळी चालू असती तर तुझ्याकडे कशाला आले असते?" काही जण पलीकडच्या टपरीवर जातात, तिथे कोणी काही विचारत नाही. पोमेलोचे झाड तिने तोडले नाही. ज्यांना चालते ते नेतात.

राहिला प्रश्न तिच्या स्वतःचा. गोळी बंद होऊन सहा आठवडे झाले. ऑगस्टअखेर आकडा पुन्हा तीनशेच्या जवळ गेला. डॉक्टरने वेगळी गोळी लिहून दिली. पोमेलोशी हिचे तसे वैर नाही, तरी तुम्ही तो टाळाच, असे म्हणून. लहान डोस, सकाळी घेतली तरी चालेल. फेलिसा कागदाची घडी घालत आणि उघडत राहिली.

"सेन्योरा, घेणार ना?"

"मला भीती वाटते, डॉक्टर."

"कशाची?"

"दोन्हीची."

मिर्ता दारात उभी होती, ती म्हणाली, "न्या, पहिले दोन महिने दर पंधरा दिवसांनी मी स्वतः रक्त घेईन. तुमच्या टपरीवर येऊन घेईन. बसमधल्या लोकांसमोर."

"आमच्या लोकांसमोर नको गं बाई," फेलिसा म्हणाली. आणि मग म्हणाली, "ये. घे. काय लपवायचं आता?"

४ सप्टेंबरला, बुधवारी, ती सकाळी टपरी लावून झाल्यावर स्थानकाच्या कोपऱ्यावरच्या फार्मसीत गेली. परत येऊन तिने पाकीट उघडले, एक गोळी काढली आणि साध्या पाण्याबरोबर घेतली. काराई कासियानो स्टुलावर बसून बघत होते.

"गिळलीस?"

"गिळली."

"तोंड उघडून दाखव. तुझा भरवसा नाही."

तिने तोंड उघडून दाखवले. ते समाधानाने मागे रेलले. फेलिसाने बत्ता उचलला. हात थोडा थांबला. मग तिने कुटायला सुरुवात केली, आणि प्रत्येक ठोक्याला खांद्यात काही दुखते का, ते बघत राहिली. त्या दिवशी दुखले नाही. दुसऱ्या दिवशी मोरीत जाताना तिने आधी डोळे मिटून घेतले आणि मग उघडले. रंग साधा होता. तिसऱ्या दिवशीही तिने तसेच केले. पुढेही करत राहिली.

त्या बुधवारी फार्मसीत सुटे नव्हते. फेलिसाचे तीन हजार ग्वारानी द्यायचे राहिले, ते तिने अजून दिलेले नाहीत.